भाऊबंदांतून निघालेले परजीवी

१. गुलाबाचं पान कोण कातरतं?

चिंचवड-निगडीकडे गच्चीत गुलाब लावणारी मंडळी रोपवाटिकेत हमखास एक तक्रार घेऊन येतात. पानांच्या कडेला कंपासने आखल्यासारखी गोल आणि लंबगोल भोकं पडतात. अळी दिसत नाही, तिची विष्ठाही दिसत नाही. मग औषध कोणतं मारायचं?

औषध मारायचंच नाही, कारण ते पान कुणी खाल्लेलं नाही, कापून नेलेलं आहे. हे काम पानकापी मधमाशीचं. तिचं शास्त्रीय नाव मेगाकायली. ही माशी एकटी राहते. तिच्याकडे पोळं नाही, राणी नाही, कामकरी नाहीत. मादी एखादं तयार भोक शोधते: भिंतीतलं खिळ्याचं भोक, पोकळ काठी, तुटका पाइप. कारखान्याच्या यार्डात बरेच दिवस पडून राहिलेल्या जॉबमधलं आटे पाडलेलं छिद्रही तिला चालतं. त्यात ती पानांच्या तुकड्यांची पुंगळी करते. लंबगोल तुकडे भिंतींना लागतात, गोल तुकडे झाकणाला. पुंगळीत पराग आणि मध कालवून ठेवायचे, त्यावर एक अंडं घालायचं, झाकण लावायचं आणि पुढची पुंगळी सुरू करायची. पराग वाहून आणण्यासाठी तिच्या पोटाच्या खालच्या बाजूला दाट केसांचा पट्टा असतो. फुलावरून उठताना तो पिवळाधमक दिसतो.

भोकाच्या आसपास थोडा वेळ लक्ष ठेवलं तर कधीकधी आणखी एक माशी घुटमळताना दिसते. आकार साधारण तोच, रंगही काळसर, पण मागचा भाग निमुळता होत टोकदार झालेला. पोटाखाली परागाचे केस नाहीत. ही पानही कापत नाही आणि परागही आणत नाही. घरमालकीण फुलांकडे गेली की ही आत शिरते, टोकदार शेपटाने पानाची भिंत भेदून आपलं अंडं आत सरकवते आणि निघून जाते. तिच्या अळीला कोवळ्या वयात वाकडे, अणकुचीदार जबडे फुटतात. त्या जबड्यांनी ती यजमान माशीचं अंडं किंवा अळी मारते आणि दुसरीच्या लेकरासाठी साठवलेला पराग खाऊन मोठी होते. या लुटारू माशीचं नाव सीलिऑक्सिस.

मला जी गोष्ट सांगायची आहे ती या दोघींच्या नात्याची. त्या एका कुळातल्या तर आहेतच, शिवाय त्या कुळाच्या आतल्या एका लहानशा गटातल्या आहेत. डीएनए ताडून पाहिला तर लुटारू माशीची मुळं पानकापीच्याच गणगोतात सापडतात. म्हणजे सीलिऑक्सिसचे पूर्वज कधीकाळी स्वतः घर बांधत होते आणि पोटाखाली पराग वाहत होते.

परजीवी म्हटलं की आपल्याला जंत, गोचीड, ऊ, आंब्यावरचं बांडगूळ असे यजमानापासून अगदी वेगळे जीव आठवतात. दुसऱ्याच्या जिवावर जगणारा तो बाहेरचाच असणार, असं आपण धरून चालतो. पण परजीवींचा एक मोठा वर्ग यजमानाच्या भाऊबंदांतूनच निघालेला आहे.

२. नातलगालाच का जमतं?

१९०९ साली इटलीतल्या कार्लो एमेरी या कीटकशास्त्रज्ञाने मुंग्यांबद्दल एक निरीक्षण मांडलं. काही मुंग्या स्वतः वारूळ चालवत नाहीत, दुसऱ्या जातीच्या वारुळात राहून त्यांच्याच कामकऱ्यांकडून आपली पिल्लं वाढवून घेतात. अशा मुंग्या यजमान जातीशी विलक्षण मिळत्याजुळत्या असतात, असं एमेरींच्या लक्षात आलं. ते बोलोन्यात प्राध्यापक होते आणि जगभरातून आलेले मुंग्यांचे नमुने तपासत. असे नमुने पुण्याहूनही युरोपात जात. वनखात्यातले आर. सी. रॉटन यांनी पुणे परिसरातल्या मुंग्या गोळा करून स्वित्झर्लंडच्या ऑग्युस्त फोरेल यांच्याकडे पाठवल्या आणि १८९२ साली मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात आपल्याकडच्या मुंग्यांवर सविस्तर लिहिलं. डीएनएचा गंधही नसलेल्या त्या काळात सुईला टोचलेल्या मुंगीचे जबडे, कंबर आणि अंगावरचे केस भिंगातून न्याहाळून नातं ठरवावं लागे. एवढ्या सामग्रीवर एमेरींनी काढलेला निष्कर्ष आजही ‘एमेरीचा नियम’ म्हणून ओळखला जातो.

नियमाचे दोन अर्थ लावतात. कडक अर्थाने, परजीवीची सगळ्यांत जवळची नातलग जात म्हणजे त्याचा यजमानच. सैल अर्थाने, यजमान त्याच्या जवळच्या गोतावळ्यातला असतो. पानकापी आणि तिची लुटारू ही जोडी सैल अर्थात बसते. कडक अर्थाचं उदाहरण पुढे येईल.

आता यामागचं कारण. चाकणच्या एखाद्या मोठ्या कारखान्यात नवखा माणूस घुसू लागला तर गेटवरच अडेल. युनिफॉर्म नाही, कार्ड नाही, कुठल्या शॉपमध्ये जायचं तेही माहीत नाही. पण तिथेच पाच वर्षं काम करून गेलेला माणूस जुना युनिफॉर्म घालून शिफ्ट बदलण्याच्या गर्दीत शिरला तर? कँटीन किती वाजता उघडतं, कुठल्या दाराला कोण उभं असतं, सुपरवायझरला काय म्हणून हाक मारायची, हे सगळं त्याला पाठ असतं. त्याला नवीन काही शिकायचं नसतं, फक्त काम करायचं नसतं.

मुंगीच्या वारुळात हा युनिफॉर्म वासाचा असतो. प्रत्येक मुंगीच्या अंगावर मेणकट रसायनांचा पातळ थर असतो. दोन मुंग्या समोरासमोर आल्या की मिश्यांनी एकमेकींचा थर चाचपतात, आणि मिश्रण अनोळखी निघालं तर चावा बसतो. अळ्यांना स्वतः खाता येत नाही, कामकरी मुंग्या त्यांना भरवतात. कुठल्या अळीला किती भरवायचं हेही बऱ्याच अंशी वास आणि स्पर्श यांवरच ठरतं. ही सगळी रासायनिक भाषा परक्या किड्याला शून्यापासून घडवावी लागेल. जवळच्या नात्यातल्या मुंगीला ती जन्मतःच येते. अळीची भूक तीच, वाढीचा वेग तोच, हंगामही तोच. फसवणुकीचं अर्धं भांडवल वारशानेच हाती आलेलं असतं.

म्हणूनच जिथे पहारा कडक तिथे नातलग परजीवी जास्त सापडतात. पहारा सैल असेल तर परक्याचंही भागतं. कोकीळ कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, पण दोघांचं नातं दूरचं आहे. घरट्यात चोच वासून ओरडणाऱ्या पिल्लाला भरवायचं, एवढाच कावळ्याचा बाणा असल्याने कोकिळेचं काम होऊन जातं.

नुसत्या दिसण्यावरून नातं ठरवतानाही फसगत होते. तुळशीवर येणारी काळी, निळ्या ठिपक्यांची देखणी थायरियस माशी निळ्या पट्ट्यांच्या अमेगिला माशीच्या घरट्यात अंडी घालते. संध्याकाळी दोघीही काडीला जबड्यांनी पकडून तशाच लटकत झोपतात. त्या सख्ख्या गोतातल्या असाव्यात असा पूर्वी समज होता. पण २०१० साली या कुळातल्या माश्यांची डीएनएवरून वंशावळ मांडली गेली. थायरियस ही फार प्राचीन काळापासून परजीवी असलेल्या एका मोठ्या शाखेतली निघाली. एकदा लुटीवर जगू लागलेला वंश पुढे फुटत जाऊन नवे यजमान धरतो, आणि मूळचं नातं मागे पडतं. एमेरीचा नियम सुरुवातीच्या पावलाला लागू पडतो, पुढच्या सगळ्या प्रवासाला नाही.

३. लुटीचा हिशेब

ज्ञान हाती असलं म्हणून कुणी लूट सुरू करेलच असं नाही. त्यात फायदा हवा. तो किती, हे एका काल्पनिक वारुळावर मोजून पाहू.

समजा, वारुळात १०० अळ्या वाढवता येतील एवढंच अन्न आहे आणि दोन राण्या आहेत. अनेक जातींच्या वारुळात एकाहून जास्त राण्या नांदतात, हे इथे लक्षात ठेवायचं. दोघी प्रत्येकी ५० अंडी घालतात. पहिली प्रामाणिक आहे. तिच्या ५० पैकी ४० कामकरी होतात आणि १० नव्या राण्या व नर होतात. वंश पुढे नेणार ते हे १०. कामकरी मुंग्या फक्त राबतात, त्यांची स्वतःची पिल्लं सहसा नसतात. दुसरी राणी कामकरी काढतच नाही, तिची पन्नासही अंडी राण्या आणि नर होतात. अन्न दोघींनी सारखंच वापरलं, पण दुसरीचा वंश पाचपट वाढला.

मग सगळं जग अशा राण्यांनी का भरून गेलं नाही? कारण पुढच्या वर्षी त्याच वारुळात लबाड राण्या दहा झाल्या तर अन्न आणायला कामकरी उरणार नाहीत आणि वारूळच बसेल. म्हणून असे परजीवी नेहमी विरळ असतात. एका वारुळात सापडतात, तर शेजारच्या दहांत नसतात.

हिशेब इथवर सरळ आहे. खरा पेच पुढे येतो. लबाड राणी आणि प्रामाणिक राणी एकाच जातीच्या असतील तर त्यांचे नर-मादी आपसांत जुगतील आणि लबाडीचा गुण दर पिढीला मिसळून विरत जाईल. वेगळी जात व्हायची तर हा संकर थांबला पाहिजे. एरवी एका जातीच्या दोन होतात तेव्हा मध्ये डोंगर, समुद्र किंवा वाळवंट येतं, आणि दोन्ही गट लाखो वर्षं एकमेकांना भेटतच नाहीत. परजीवीला तर यजमानाच्या घरातच राहायचं आहे. मध्ये डोंगर आणायचा कुठून?

उत्तर ब्राझीलमधल्या एका विद्यापीठाच्या आवारात मिळालं. रिओ क्लारो इथे बुरशीची शेती करणारी मायकोसेपुरस गोएल्डी नावाची मुंगी आहे. तिच्या वारुळात मायकोसेपुरस कॅस्ट्रेटर ही परजीवी जात राहते. तिला कामकरी नाहीत. ती घरात असेपर्यंत यजमान राणी फक्त कामकरी काढत राहते, तिच्या नव्या राण्या आणि नर होत नाहीत. २०१४ साली क्रिस्टियान राबेलिंग आणि सहकाऱ्यांनी दोघींचा डीएनए ताडून पाहिला. परजीवी थेट यजमान जातीच्याच पोटातून फुटलेली निघाली, तीही साधारण ३७,००० वर्षांपूर्वी. उत्क्रांतीच्या मापाने हा काळ थोडाच. कडक अर्थाने एमेरीचा नियम म्हणतात तो हा.

डोंगराचं काम इथे जुगण्याच्या जागेने केलं. यजमान जातीच्या राण्या आणि नर पंख फुटल्यावर बाहेर पडून हवेत जुगतात. परजीवीचे नर-मादी वारुळाच्या आतच जुगतात. दोघी एका छपराखाली राहतात, एकाच अन्नावर वाढतात, पण विवाहाचा मांडव वेगळा. तेवढ्याने संकर थांबला. जुगण्याच्या सवयीतला एवढासा बदल एका जातीच्या दोन करतो, हे मला सगळ्या गोष्टीतलं सर्वांत मोलाचं वाटतं.

४. एका कामकरी माशीची संतती

जुगण्याची गरजच संपली तर दुफळी आणखी लवकर होते. दक्षिण आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला केप मधमाशी नावाची मधमाश्यांची पोटजात आहे. तिच्या कामकऱ्यांत एक दुर्मीळ गुण आहे. नराशिवाय घातलेल्या त्यांच्या अंड्यांतून मादीच निपजते, आईची जवळजवळ हुबेहूब नक्कल. इतर मधमाश्यांत अशा अंड्यांतून नर निघतो. १९९० साली मधपाळांनी केप माश्यांच्या पेट्या उत्तरेकडे, दुसऱ्या पोटजातीच्या मुलखात नेल्या. तिथे एका केप कामकरी माशीचा वंश परक्या पोळ्यांत घुसला. या माश्या राणीसारखा वास सोडतात, अंडी घालतात, यजमान कामकऱ्यांकडून भरवून घेतात आणि स्वतः पराग आणायला जात नाहीत. काही काळाने पोळं बसतं आणि त्या पुढचं गाठतात. त्या एका माशीच्या नकलांनी हजारो वसाहती संपवल्या. यजमान आणि परजीवी दोघेही एकाच जातीचे आहेत.

पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे आणि पेट्या एका भागातून दुसऱ्या भागात नेणं हा मधपाळांचा नित्याचा व्यवसाय आहे. आपल्या सातेरी माशीत केप माशीसारखं काही घडलेलं नाही. पण पेटी हलवताना आत कुठल्या वाणाची माशी आहे हे पाहणं का गरजेचं, ते या उदाहरणातून कळतं.

समुद्रातल्या लाल शैवालांत तर शंभराहून अधिक परजीवी जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचे यजमान जवळच्या नात्यातले आहेत. परजीवीची पेशी यजमानाच्या पेशीला चिकटते, दोन्ही एक होतात आणि परजीवीचं केंद्रक आत उतरून तिचा कारभार हाती घेतं. लाल शैवालाच्या पेशी आपल्याच शेजारणींशी अशा जोडल्या जातच असतात, म्हणून जवळच्या नातलगाला हे दार उघडं सापडतं.

५. कारखान्याच्या गेटवरची कुत्री

भोसरी, मोशी, चाकण, कुठल्याही कारखान्याच्या गेटवर कँटीनच्या आधाराने राहणारी चार-सहा कुत्री असतातच. त्यांतल्या एखादीच्या जननेंद्रियावर फुलकोबीसारखी लालभडक, रक्त ठिबकणारी गाठ येते. पशुवैद्य सांगतात की ही कर्करोगाची गाठ आहे आणि ती दुसऱ्या कुत्र्याला लागते. ऐकणारा बुचकळ्यात पडतो, कारण कर्करोग संसर्गाने होत नाही असंच त्याने आजवर ऐकलेलं असतं. माणसाच्या बाबतीत ते खरंच आहे. काही विषाणू लागतात आणि त्यांच्यामुळे पुढे कर्करोग होऊ शकतो, पण रुग्णाची गाठ शेजाऱ्याला लागत नाही.

कुत्र्याच्या या गाठीत मात्र विषाणू नाही, जिवाणूही नाही. जुगताना, हुंगताना, चाटताना गाठीतल्या जिवंत पेशीच एका कुत्र्यावरून दुसऱ्यावर जातात आणि तिथे रुजतात. १८७६ साली म्स्तिस्लाव नोविन्स्की या रशियन पशुवैद्याने गाठीचा तुकडा एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजवून दाखवला होता. पण त्या पेशी कुणाच्या, याचं उत्तर २००६ साली लंडनमधल्या संशोधकांनी दिलं. भारत, केनिया, इटली अशा दूरदूरच्या देशांतल्या गाठी त्यांनी तपासल्या. प्रत्येक गाठीचा डीएनए ती ज्या कुत्र्याच्या अंगावर होती त्याच्याशी जुळेना, पण सगळ्या गाठी एकमेकींशी जुळत होत्या.

म्हणजे या सगळ्या गाठी एकाच कुत्र्याच्या पेशी आहेत. २०१९ साली ४३ देशांतल्या ५४६ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून निघालेल्या अंदाजानुसार ते मूळ कुत्रं ४,००० ते ८,५०० वर्षांपूर्वी आशियात कुठेतरी होतं. त्याच्या अंगात एक पेशी बिघडली, गाठ झाली, आणि कुत्रं मरण्यापूर्वी ती जोडीदाराच्या अंगावर गेली. तेव्हापासून ती पेशी अंगाअंगांतून विभागत, वाढत आलेली आहे. नातं पाहिलं तर ती कुत्राच आहे, पण जगणं पाहिलं तर एकपेशी परजीवी. कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रं असतात. या गाठीच्या पेशीत ती एकमेकांना जुळून साधारण ५७ ते ६४ उरली आहेत. ही पेशी कुठल्याही कुत्र्याशी संकर करू शकत नाही, तेव्हा मुंग्यांच्या बाबतीत आलेला संकराचा पेच इथे उद्भवतच नाही.

युनिफॉर्मचं कामही तिच्यापुरतं सोपं होतं. शरीराचा पहारा प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावरची ओळखीची प्रथिनं तपासतो. परक्या पेशीचा निकाल लावायचा, आपलीला सोडायचं. गाठीतल्या पेशी ही प्रथिनं सुरुवातीला जवळजवळ झाकूनच ठेवतात, त्यामुळे पहारेकऱ्याला तपासायला काही मिळत नाही. आत शिरल्यावर रक्तवाहिन्या कशा ओढून घ्यायच्या, कुठल्या संदेशाला वाढायचं, हे कुत्र्याच्या पेशीला निराळं शिकावं लागत नाही.

आणखी एक चोरी तिने केली आहे. प्रत्येक पेशीत ऊर्जा तयार करणारे सूक्ष्म घटक असतात, तंतुकणिका. हजारो वर्षं नुसती विभागत राहिल्याने त्यांच्यात बिघाड साचतात. या परजीवीने निदान पाच वेळा यजमान कुत्र्याच्या पेशीतून ताज्या तंतुकणिका उचलल्या आहेत. दूरच्या जीवाची तंतुकणिका या पेशीत चाललीच नसती. कुत्र्याची मात्र बेमालूम चालते.

दिलाशाची बाब अशी की हा कर्करोग बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. आठवड्याला एक याप्रमाणे काही आठवडे व्हिन्क्रिस्टीनची इंजेक्शनं दिली की गाठ विरघळते. हे औषध सदाफुलीपासून मिळतं, आपल्या दारात, रस्त्याच्या दुभाजकांवर लागते तीच. गाठ मुख्यतः जुगताना पसरते, म्हणून नसबंदीने तिचा मार्गच खुंटतो. २००१ पासून लागू असलेले आणि २०२३ साली नव्याने आलेले प्राणी जन्मनियंत्रणाचे नियम कुत्र्यांची संख्या आणि रेबीज डोळ्यांसमोर ठेवून केले आहेत. ते नेटाने राबवले तर हा लाभही पदरात पडतो, आणि त्याची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही. अशी कुत्री दिसली की किळस करून हाकलण्याऐवजी पशुवैद्याला कळवावं. माणसाला ती गाठ लागत नाही.

६. शिंपल्यातली भाऊबंदकी

कुत्र्याची गाठ एकमेव नाही. १९९६ साली टास्मानियन डेव्हिल या प्राण्याच्या तोंडावर चाव्यातून पसरणारी गाठ प्रथम दिसली आणि २०१४ साली त्याच प्राण्यात दुसऱ्याच पेशीपासून निघालेली वेगळी गाठ सापडली. पुढे समुद्रातल्या शिंपल्यांत असे अनेक कर्करोग आढळले. तिथे पेशी पाण्यातूनच एकाकडून दुसऱ्याकडे जातात.

स्पेनच्या किनाऱ्यावरचं उदाहरण एमेरींना नक्की आवडलं असतं. तिथल्या पॉलिटिटापेस ऑरियस या शिंपल्यात कर्करोगाच्या पेशी सापडल्या. डीएनए पाहिला तर त्या पेशी त्या शिंपल्याच्या नव्हत्याच. त्याच वाळूत राहणाऱ्या, त्याच कुळातल्या व्हेनेरुपिस कोरुगाटा या दुसऱ्या जातीच्या होत्या. कोकणात आपण तिसऱ्या म्हणून खातो ते शिंपलेही याच कुळातले. खाणाऱ्याला अशा पेशींपासून काही होत नाही, कारण माणूस नात्याने फार लांबचा.

मग संशोधकांनी त्याच किनाऱ्यावरची व्हेनेरुपिस तपासली, जिच्या अंगातून ही पेशी निघाली ती. तिच्यात हा कर्करोग सापडला नाही. ज्यांना तो लागू शकत होता ते बहुधा कधीच मरून गेले आणि मागे उरले ते दाद न देणारे. जन्मघरी थारा उरला नाही तरी ही पेशी चुलत घरात जगते आहे.